ताटाची डावी बाजू: कोशिंबीर, चटणी, भरीत यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापं चार माणसांसाठी आहेत. वाटी म्हणजे साधारण १५० मिली, मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली. मुंबईची दमट हवा आणि कामावर जायची घाई धरूनच वेळा दिल्या आहेत.

डावी बाजू म्हणजे नेमकं काय? रोज एवढं कोण करणार?

मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड अशी पंगतीतली डावी बाजू असते. घरी रोज एवढं करायची गरज नाही. दोनच गोष्टी पुरतात: एक ताजी कोशिंबीर आणि डब्यात तयार असलेली एक कोरडी चटणी. चटणी पंधरा दिवसांतून एकदा होते, कोशिंबिरीला रोज दहा-बारा मिनिटं लागतात. भाजीला वाफ येईपर्यंत कोशिंबीर चिरून होते. फक्त मीठ, दही आणि फोडणी पानं घेताना घाला. बिघडलेल्या कोशिंबिरींपैकी बहुतेक या तीन गोष्टी लवकर घातल्यामुळे बिघडतात.

कुठली गोष्ट किती वाढायची?

इथे आमचं मत स्पष्ट आहे. कोशिंबीर चमचाभर वाढायची पद्धत सोडा आणि माणशी एक वाटी, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास वाढा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते. नुसत्या पोळी-भाजीच्या डब्यातून तेवढं पोटात जात नाही. दोन वेळच्या कोशिंबिरीने त्यातला निम्मा वाटा भरून निघतो.

चटणी मात्र एक ते दोन छोटे चमचे, लोणच्याची एक फोड, पापड एक. या तिन्हींत मीठ भरपूर असतं. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं जातं. ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, कणीक सगळं आलं.

काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटून ती पातळ होते. काय चुकतं?

काकडीत ९५ टक्के पाणीच असतं. मीठ लागलं की ते पेशींतून बाहेर ओढलं जातं. दहा मिनिटांत तळाशी पाणी दिसायला लागतं आणि अर्ध्या तासात कोशिंबीर पोहायला लागते. यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्हींची चव वेगळी लागते.

पहिला उपाय म्हणजे मीठ अगदी शेवटी घालणं. काकडी चिरून, कूट-खोबरं-मिरची वरून घालून भांडं झाकून ठेवायचं, कालवायचं नाही. पानं मांडली की मीठ आणि लिंबू घालून कालवायचं. काकडी करकरीत राहते.

दुसरा उपाय खमंग काकडीचा. तिथे पाणी मुद्दाम काढतात. ४०० ग्रॅम काकडी, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन, सोलून चोचवून घ्या. काकडी हातात उभी धरून सुरीने आडवे-उभे घाव घालायचे आणि मग वरून पातळ कापत जायचं. किसणीवर किसली तर पाणी जास्त सुटतं आणि लगदा होतो. म्हणून हा सुरीचा खटाटोप करावा. चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि हाताने हलकी पिळा. पिळताना पार चोथा करू नका, ओलावा राहू द्या. मग तीन मोठे चमचे दाण्याचं कूट, दोन मोठे चमचे ओलं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून, अर्ध्या लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा साखर आणि कोथिंबीर घाला. वरून दोन छोटे चमचे तुपात अर्धा छोटा चमचा जिरं आणि हिंगाची फोडणी. मीठ चाखूनच घाला, कारण थोडं आधी लागलेलं आहे.

पिळून निघालेलं पाणी फेकू नका. काकडीतली काही जीवनसत्त्वं त्यात उतरलेली असतात. ते ताकात घाला किंवा त्यात कणीक भिजवा, आणि कणकेचं मीठ तेवढं कमी करा.

काकडी कडू निघाली तर?

देठाकडचा दोन सेंटीमीटर भाग कापून टाका आणि पुढच्या भागाची चकती चाखा. कडूपणा बहुधा देठाशी आणि सालीखाली असतो. चकतीही कडू लागली तर ती काकडी वापरू नका.

दुधी आणि दोडक्याच्या बाबतीत हा नियम आणखी कडक पाळा. चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू असेल तर अख्खी भाजी फेकून द्या. ते कडू द्रव्य शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. साखर घालून कडूपणा झाकणं धोक्याचं आहे.

फोडणी कधी कडू होते, तर कधी मोहरी कच्चीच दाताखाली येते. क्रम काय ठेवायचा?

कढल्यात दोन छोटे चमचे तेल मध्यम आचेवर तापवा. मोहरीचे दोन दाणे टाकून बघा. ते लगेच तडतडले तर तेल तयार आहे. मग सगळी मोहरी घालून झाकण धरा आणि तडतड थांबत आली की जिरं घाला. जिरं फुललं की गॅस बंद करा. हिंग, कढीपत्ता आणि शेवटी हळद हे सगळं गॅस बंद झाल्यावर, तेलाच्या उरलेल्या उष्णतेत. हळद आणि हिंग तापल्या तेलात काही सेकंदांत करपतात, आणि फोडणी कडू होण्याचं कारण नव्वद वेळा तेच असतं. कढीपत्ता धुतलेला असेल तर पुसून घाला, नाहीतर तेल हातावर उडतं.

कच्च्या कोशिंबिरीवर फोडणी गरम चालते. दह्याच्या कोशिंबिरीवर घालण्याआधी ती दोन मिनिटं निवू द्या, नाहीतर तेवढ्यापुरतं दही फाटल्यासारखं दिसतं. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांच्यावरची फोडणी नुसती चवीसाठी नसते. त्यांच्यातलं केशरी रंगद्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते थोड्या स्निग्धाबरोबरच नीट शोषलं जातं. तेल पूर्ण वगळून केलेली गाजराची कोशिंबीर म्हणून जास्त पौष्टिक ठरत नाही.

घरात कुणाला गहू चालत नसेल तर हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचा. बाजारातल्या बऱ्याच हिंगपुडीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

दाण्याचं कूट कधी तेलकट गोळा होतं, कधी कडवट लागतं.

दोन वाट्या दाणे जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. साल सहज सुटायला लागली आणि दाणा मोडल्यावर आतून फिकट बदामी दिसला की थांबा. पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. गार झाल्यावरही मिक्सर सलग फिरवायचा नाही. दोन-दोन सेकंदांचे सात-आठ झटके पुरे, कूट भरडच हवं.

कडवट लागण्याचं कारण दाण्यांतच असतं. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे भाजण्याआधी निवडून टाका. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर जी बुरशी येते तिचं विष यकृताला घातक असतं आणि भाजून ते पुरेसं जात नाही. जून ते सप्टेंबर दाणे पाव-अर्धा किलोच आणा आणि कूट काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा.

दह्याची कोशिंबीर आंबट होते. दही कुठलं घ्यावं?

ताजं, त्याच दिवशी लागलेलं. मुंबईत एप्रिल-मेमध्ये पाच तासांत दही लागतं, जानेवारीत आठ तास लागू शकतात. लागलं की लगेच फ्रीजमध्ये टाका. रात्री विरजण लावून सकाळी नऊपर्यंत ओट्यावर राहिलेलं दही मेमध्ये आंबणारच. जास्त आंबट झालेलं दही कढीला ठेवा. साखर घालून ते कोशिंबिरीत ढकलू नका.

दाट हवं असेल तर दही मलमलच्या कापडात अर्धा तास टांगा. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं घट्ट करायचं नाही, वरचं पाणी निथळलं की झालं. विरजण, मलमल वगैरे जमत नसेल तर बाजारचं साधं दही चालेल, मात्र गोड केलेलं नको.

केळ्याची कोशिंबीर अगदी आयत्या वेळी करा, केळं काळं पडतं आणि दही सैल होतं. भेंडीच्या रायत्यात भेंडी धुऊन कोरडी पुसून, पातळ कापून कुरकुरीत परतायची आणि वाढतानाच दह्यात सोडायची.

भरितात मोहरी फेसून घालतात ती नाकात जात नाही, नुसती कडू लागते. का?

मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की आतलं एक विकर (एन्झाइम) काम करतं आणि मग तो तिखट वास तयार होतो. हे विकर उष्णतेने मरतं. म्हणून पाणी गारच हवं. भाजलेली मोहरी वापरली किंवा उकळत्या पाण्यात वाटली तर नाकात काहीच जात नाही, उरतो तो कडूपणा.

एक छोटा चमचा मोहरी खलात चिमूटभर मीठ घालून कुटा. दोन छोटे चमचे गार पाणी घालून घोटत राहा. मिश्रण फिकट, फेसाळ दिसू लागलं की दहा मिनिटं झाकून ठेवा. या दहा मिनिटांतच वास चढतो. मग लगेच वापरा, तासाभराने तो उतरायला लागतो.

लाल भोपळ्याच्या भरितात ही मोहरी अप्रतिम लागते. पाव किलो भोपळा सोलून मोठ्या फोडी करा आणि चाळणीवर दहा मिनिटं वाफवा. पाण्यात उकडला तर भरीत पचपचीत होतं. गार झाला की काट्याने भरड मोडा, पाऊण वाटी दही, फेसलेली मोहरी, एक मिरची, चवीला मीठ आणि कोथिंबीर. भोपळा मुळात गोड असतो, त्यामुळे साखर घालू नका. फोडणी घालायचीच असेल तर निववून.

हिरवी चटणी तासाभरात काळपट होते.

कोथिंबिरीचा हिरवा रंग तीन गोष्टींनी जातो: हवा, मिक्सरची उष्णता आणि वेळ. दोन मुठी कोथिंबीर, एक मूठ पुदिना, तीन मिरच्या, दोन मोठे चमचे ओलं खोबरं, एक मोठा चमचा डाळं, अर्धा इंच आलं, अर्धं लिंबू. पाणी बर्फाचं घ्या, तीन-चार मोठे चमचे पुरे. मिरची, आलं, खोबरं, डाळं आधी बारीक करा आणि पानं शेवटी घालून थोडा वेळच फिरवा. लिंबू वाटतानाच घातलं तर रंग जास्त टिकतो. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या जरूर घ्या, वास त्यांच्यातच जास्त असतो. पुदिन्याची फक्त पानं घ्यायची, देठांनी चटणी कडसर आणि काळी होते. कच्चा कांदा मिक्सरमध्ये घालू नका, तोही कडू होतो.

ओलं खोबरं घातलेली चटणी उन्हाळ्यात बाहेर तासाभराच्या पुढे भरवशाची नाही. फ्रीजमध्ये दोन दिवस.

जवस, कारळे, तीळ: या कोरड्या चटण्यांची मापं आणि टिकवण?

तिन्हींचा साचा एकच. एक वाटी बी, आठ-दहा सुक्या लाल मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, सुपारीएवढी चिंच, पाऊण छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा जिरं. प्रत्येक बी वेगळं भाजायचं, कारण वेळ वेगळा लागतो. जवस मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, तडतडणं जोरात सुरू होऊन मंदावलं की उतरवा. तीळ तीन-चार मिनिटांत फुगतात, रंग बदलायची वाट बघू नका. कारळे मुळात काळे असल्याने करपल्याचं डोळ्यांना कळत नाही. तिथे नाकावर विश्वास ठेवा, खमंग वास आला की लगेच ताटात ओता. कढईत ठेवले तर नंतरही भाजत राहतात.

दुकानात कारळे मागताना नीट बघून घ्या. काळे तीळ वेगळे, कलौंजी वेगळी. कारळे लांबट, चकचकीत आणि टोकाला निमुळते असतात. काही दुकानांत ते खुरासणी नावाने मिळतात.

लसूण कच्ची घातली तर तिच्या ओलाव्याने चटणी दहा दिवसांत वास मारते. पाकळ्या ठेचून अर्धा छोटा चमचा तेलात कोरड्या होईस्तो परता. चिंचही कढईत जरा गरम करून कडक करून घ्या. लाल मिरची लालबागच्या मिरची गल्लीतून वर्षाची आणत असाल तर देठासकट, कडक उन्हात वाळवलेली ठेवा. रंगाला बेडगी आणि तिखटाला लवंगी असं मिश्रण निम्म्या-निम्म्याने चांगलं जमतं.

आता टिकवण. जवसातलं तेल फार लवकर खवट होतं. ते ओमेगा-३ प्रकारचं आहे, जवस चांगला म्हणतात तो याच तेलामुळे, आणि हेच तेल हवा लागली की आधी बिघडतं. जवसाची चटणी एका वेळी वाटीभरच करा, काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. अख्खा जवस नुसता खाल्ला तर बराचसा न पचताच बाहेर पडतो, त्यामुळे कुटणं आवश्यक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ओला चमचा तर सोडाच, भातावरची वाफसुद्धा बरणीत जाऊ देऊ नका. ताटाशेजारी बरणी उघडी ठेवण्यापेक्षा छोट्या वाटीत चटणी काढून घ्या.

ऑफिसच्या डब्यात कोशिंबीर देता येते का?

येते, पण दह्याची नको. सकाळी नऊला भरलेला डबा दीडला उघडतो, आणि मधले साडेचार तास तो लोकलमध्ये, सायकलवर किंवा ऑफिसच्या कोपऱ्यात असतो. नासणारं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. मुंबईत मार्च ते जून दुपारचा पारा त्याच्या आसपास किंवा वरच असतो.

डब्यासाठी कोबी-गाजराची पचडी घ्या. बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, लिंबाची फोड वेगळी, मीठ-कूट कागदाच्या पुडीत वेगळं. जेवताना कालवायचं. टोमॅटो आणि चिरलेला कांदा डब्यात टाळा, एकाने पाणी सुटतं आणि दुसऱ्याने सगळ्या डब्याला वास लागतो. ऑफिसात फ्रीज असेल आणि डबा तिथे लगेच ठेवता येत असेल तरच दही घ्या. नाहीतर कोरडी चटणी आणि त्यावर घालायला छोट्या डबीत तेल, हे डब्याला सगळ्यात सोयीचं.

मोड आलेले मूग कच्चे खावेत का?

ठणठणीत प्रौढ माणसाने ताजे, वास नसलेले मूग खाल्ले तर सहसा त्रास होत नाही. पण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते, आणि आपल्या हवेत ती भरपूर आहे. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेल्यांना कच्चे देऊ नका. खरं तर सगळ्यांसाठीच पाच मिनिटं वाफवा. करकरीतपणा राहतो आणि पचायलाही सोपे जातात.

मूग आठ तास भिजवा, दोनदा धुवा, पूर्ण निथळून ओल्या कापडात बांधा. उन्हाळ्यात आठ-दहा तासांत मोड येतात, थंडीत बारा-चौदा. कापड चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर तो घाणा टाकून द्या. पाणी नीट निथळलं नाही की असं होतं. वाफवलेल्या मुगात कांदा, काकडी, मिरची आणि भरपूर लिंबू. लिंबू इथे सोडू नका, त्यातल्या क जीवनसत्त्वाने मुगातलं लोह अंगी लागायला मदत होते. त्याच कारणाने जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही.

चैत्रातली आंबेडाळ घशात अडकते, कोरडी होते.

डाळ फार बारीक वाटली किंवा फोडणीला तेल कमी पडलं, या दोनपैकी एक कारण. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा आणि अर्धा तास चाळणीत निथळा. चार मिरच्यांबरोबर पाणी न घालता भरड वाटा, काही डाळी अर्ध्या राहिल्या तरी चालेल. अर्धी ते पाऊण वाटी कैरीचा कीस, पाऊण छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा साखर, दोन मोठे चमचे ओलं खोबरं. दोन मोठे चमचे तेलाची मोहरी-हिंग-हळदीची फोडणी वरून. हिंग सढळ हाताने, पाव छोटा चमचा.

कच्च्या डाळीने पोट फुगत असेल तर हीच डाळ फोडणीत टाकून झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफवा आणि कैरी शेवटी घाला.

दोडक्याच्या शिरा, दुधीची साल यांचं काही होतं का?

चांगली चटणी होते. अर्धा किलो दोडक्यांच्या निघालेल्या शिरा बारीक चिरून एक छोटा चमचा तेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, हाताने चुरगळतील इतक्या. मधे ओलसर असताना उतरवल्या तर चटणी चामट होते. दोन मोठे चमचे तीळ, दोन मोठे चमचे सुकं खोबरं, तीन लाल मिरच्या आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून भरड फिरवा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. भाजी सोलण्याआधी घासून, वाहत्या पाण्याखाली धुवा. दुधीची साल जून, जाड असेल तर वापरू नका.

पावसाळ्यात कच्चा पाला खावा का?

कमी खावा. मातीचे शिंतोडे पानाच्या बेचक्यात बसतात. मुळ्याचा पाला, कोवळी मेथी पचडीत घालायची असेल तर एकेक पान सुटं करून तीन पाण्यांतून काढा. पाणी ओतायचं नाही, पाला वर उचलायचा, म्हणजे माती तळाशी राहते. दादर, वसई, बोरिवलीच्या बाजारात या दिवसांत आदिवासी बायका टाकळा, फोडशी, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या घेऊन बसतात. त्या कच्च्या कोशिंबिरीच्या भाज्या नाहीत, शिजवूनच करायच्या. शेवळं तर काकडं (शेवळांबरोबर मिळणारी आंबट रानफळं), चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय करू नका, घसा खाजतो. विकणारीला पद्धत विचारा, ती नीट सांगते.

पापड भाजावा की तळावा?

भाजावा. तळल्यावर तो बरंच तेल धरतो. मात्र भाजला म्हणून त्यातलं मीठ कमी होत नाही, आणि पापडखारातही सोडियमच असतं. रक्तदाब असलेल्यांनी रोज खाऊ नये. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तेव्हापासून या शहरात पापड विकतचा आणणं ही लाजेची गोष्ट राहिलेली नाही, त्यामुळे घरी लाटता येत नाहीत म्हणून हळहळू नका.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर काय बदलायचं?

मधुमेहात कोशिंबिरीतली साखर काढून टाका. गोडवा हवाच असेल तर गाजर किंवा थोडे डाळिंबाचे दाणे घाला. जेवताना आधी कोशिंबीर संपवा, मग पोळी-भात. भाज्या आधी पोटात गेल्या तर जेवणानंतरची साखर तेवढी झपाट्याने चढत नाही. रक्तदाबात मीठ निम्मं करा आणि लिंबू, आमसूल, जिरंपूड, फेसलेली मोहरी यांनी चव भरून काढा. सैंधव मीठ वापरलं तरी मोजून, तेही मुख्यतः सोडियमच आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळं-भाज्यांची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मुलं कोशिंबीर बाजूला सारतात.

मिरची काढून मोठ्यांच्या वाटीत वेगळी घाला, आंबट कमी करा, कूट वाढवा. कूट घातलेलं किसलेलं गाजर बहुतेक मुलं खातात. चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे आणि अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. कीस आणि बारीक कूट द्या.

उपवासाला काय चालतं?

काकडीची किंवा उकडलेल्या रताळ्याची कोशिंबीर: दाण्याचं कूट, मिरची, लिंबू, तूप-जिऱ्याची फोडणी. मोहरी, हिंग, हळद बहुतेक घरांत चालत नाही. कोथिंबिरीचं घराघरांवर आहे.

मासळीच्या जेवणात डाव्या बाजूला काय?

चिरलेला कांदा-लिंबू तर आहेच. सुक्या जवळ्याची चटणी करायची असेल तर एक वाटी जवळा चाळून वाळू काढा, कोरडाच चार-पाच मिनिटं मंद आचेवर भाजा आणि मग भराभर दोनदा धुऊन पिळा. आधी धुऊन भाजला तर कुरकुरीत होत नाही. एक कांदा दोन छोटे चमचे तेलात परता, त्यात जवळा, लाल तिखट, हळद, तीन आमसुलं आणि शेवटी दोन मोठे चमचे ओलं खोबरं घाला. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, बहुतेक वेळा लागतच नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मेमध्ये भरून ठेवलेला जवळा कामी येतो.

सोलकढीसाठी दहा-बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चुरा. एका नारळाच्या खोबऱ्याचं दोन वाट्या दूध काढा, दुसऱ्यांदा वाटून आणखी एक वाटी. एक लसूण पाकळी, एक मिरची ठेचून, मीठ. दोन्ही गार असतानाच एकत्र करा. गॅसवर ठेवली की कढी फुटते आणि मग सावरत नाही. नुसतीच थर होऊन वर पांढरं, खाली गुलाबी दिसत असेल तर ती बिघडलेली नाही, डावाने ढवळा. बाहेर ठेवली तर दोन तासांत, उन्हाळ्यात तासाभरात संपवा.

बीटाची कोशिंबीर खाल्ल्यावर लघवी लालसर झाली.

काही जणांना होते. बीटाचा रंग शरीरात पूर्ण मोडला नाही की तो उतरतो आणि एक-दोन दिवसांत जातो. बीट न खाताही तसं दिसलं, किंवा दोन दिवसांनंतरही राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा.